गंजमुक्त

स्ट्रेमविक या बंदराच्या गावात बार्ब्रो एकलुंडच्या नादी सहसा कुणी लागत नसे. ती कजाग होती म्हणून नव्हे. उलट ती बोलायचीच फार कमी. पण एकदा ‘नाही’ म्हणाली की विषय संपला. शर्ट शिवण्याचा कारखाना बंद पडला तेव्हा सरकारी कचेरीनं बेकार झालेल्या बायकांपुढे दोन वाटा ठेवल्या होत्या : शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम शिका, नाहीतर म्हाताऱ्यांची देखभाल शिका. बार्ब्रोनं तिसरीच वाट मागितली, वेल्डिंगची. टेबलामागचा साहेब म्हणाला, त्या वर्गात सगळे पुरुष आहेत. ती म्हणाली, असू देत, मला चालतील. पुढची सारी वर्षं तिनं बोटींच्या कारखान्यात पत्रे जोडण्यात घालवली आणि निवृत्तीच्या दिवशी केक खाऊन, वेल्डिंगचा मुखवटा पिशवीत टाकून घरी आली. मुखवटा कारखान्याचा होता. तो परत दे, असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

तिचा नवरा एवर्ट मात्र बोलका. त्यानं आयुष्यभर टपाल वाटलं आणि पत्राबरोबर प्रत्येक दारात दोन-चार गोष्टीही टाकल्या. त्याला जगात एकच वैरी होता, तो म्हणजे मीठ. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून ट्रक मीठ फेकत जातात, आणि तेच मीठ गाड्यांच्या पोटाला चिकटून पत्रा खात बसतं. एवर्टच्या वडिलांची गाडी अशीच संपली. एका सकाळी ते आत बसले आणि आसनासकट थेट रस्त्यावर टेकले, असं एवर्ट सांगायचा. खरं किती आणि पदरचं किती, ते त्यालाच ठाऊक. पण स्वतःची गाडी घेतली तेव्हा त्यानं ठरवून टाकलं की हिला मीठ शिवू द्यायचं नाही.

गाडी होती १९६६ सालची फिकट निळी व्होल्वो अमेझॉन. दर वर्षी थंडीचा कडाका सुरू व्हायच्या आत एवर्ट एक अख्खा शनिवार तिच्यासाठी काढायचा. सकाळी तिचं पोट पाण्याच्या फवाऱ्यानं चकचकीत धुवायचं, आणि दुपारी पाठीवर झोपून, ब्रश घेऊन, तिला डांबरासारखा जाड काळा लेप चढवायचा. संध्याकाळी कपाळावर, कानांवर काळे ठिपके घेऊन तो जेवायला बसायचा आणि लढाई जिंकून आल्यासारखा दोनदा बटाटे वाढून घ्यायचा. एकही वर्ष चुकलं नाही. मुलगी पेर्निला जन्मली त्या आठवड्यातही नाही, हे बार्ब्रो अजून विसरलेली नव्हती.

आमच्याकडे उन्हाळ्यात दर बुधवारी संध्याकाळी बंदरावर सॉसेजच्या टपरीपाशी जुन्या गाड्या जमतात. माणसं कॉफी पीत एकमेकांच्या गाड्यांभोवती फिरतात आणि कौतुकाच्या मिषानं खोड्या काढतात. प्रत्येकाच्या काचेमागे एक पुठ्ठा असतो : गाडी कोणती, साल कुठलं, मालक कोण. एवर्टच्या पुठ्ठ्यावर खाली मोठ्या अक्षरांत आणखी एक शब्द होता, गंजमुक्त. बघता बघता तो शब्द गाडीवरून मालकाला चिकटला. गावात आणखी एक एवर्ट होता, मासेवाला. तेव्हा हा झाला गंजमुक्त एवर्ट. हाक मारणाऱ्याच्या आवाजात अर्धी थट्टा असायची. एवर्टला उरलेला अर्धा पुरेसा होता. टपाल खात्यानं निरोपाला दिलेलं घड्याळ कपाटात पडून होतं, पण हे नाव तो रोज अंगावर वागवायचा.

गाडी पन्नाशीला आली त्या वसंतात एवर्टचा खुबा बदलावा लागला. बंदरावर तिचा वाढदिवस करायचा, त्याआधी तिला नवा रंग द्यायचा, असा त्याचा बेत होता, आणि आता हा गडी कुबड्यांवर. बार्ब्रो म्हणाली, तू बैस, मी बघते. तिनं गॅरेजात जाऊन जॅक लावला आणि त्याचा दांडा दाबायला सुरुवात केली. जॅक वर गेला. गाडी मात्र होती तिथंच राहिली. सुका कडक पाव मोडावा तसा आवाज झाला आणि जॅकचं डोकं पत्र्यातून आत घुसलं.

बार्ब्रो दिवा घेऊन खाली सरकली. काळा लेप छान तुकतुकीत होता, कुठं तडाही नव्हता. तिनं स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि जरा जोर दिला. लेप फुगून फाटला आणि त्यामागून ओला तपकिरी चुरा तिच्या गळ्यावर सांडला. दुसरीकडे टोचलं, तिथंही तेच. दारांखालचे पोकळ खण, पायाखालचा पत्रा, पुढच्या चाकांमागचे कोपरे, सगळीकडे बाहेरून कातडं शाबूत आणि आत भुगा. गाडी पत्र्यावर उभीच नव्हती. एवर्टच्या लेपावर उभी होती.

कारण कळायला तिला फार डोकं लढवावं लागलं नाही. सकाळी धुवायची आणि दुपारी लेप द्यायचा. गॅरेज थंडगार, हवा दमट, पत्रा वाळणार कधी? मीठ बाहेर राहावं म्हणून तो जिवापाड धडपडला आणि दर वर्षी पाणी आत कोंडत गेला. बार्ब्रो तिथंच फरशीवर बसून राहिली. आधी तिला एवर्टचा संताप आला, मग त्याची इतकी दया आली की पुन्हा संताप आला. गाडीचं तिला एवढं काही नव्हतं. पण नोकरी सुटल्यावर, खुबा गेल्यावर त्या माणसाकडे उरला होता तो एक शब्द. तो गेला की काय होतं, ते तिनं गावातल्या इतर म्हाताऱ्यांत पाहिलं होतं. ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसतात आणि मग तिथून उठतच नाहीत.

तिनं एवर्टला काही सांगितलं नाही. गाडी उचलून धरायला भक्कम घोड्या लागणार होत्या, त्या तिनं स्टेल्लानकडून मागवल्या. स्टेल्लान म्हणजे जुन्या गाड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. पूर्वी त्याचा पेट्रोल पंप होता. त्याच्याकडे एक लांबलचक लाल अमेरिकन गाडी आहे, आणि बंदरावर तो तिच्या पोटाखाली आरसे मांडून ठेवतो, म्हणजे लोकांना न वाकता तिचा तळ पाहता यावा. घोड्या घेऊन तो स्वतःच आला, विचारलं नसताना खाली वाकला, बोटानं दाबलं आणि शीळ घातली. यातून दारं निघतील, काचा निघतील, बाकी भंगार, असा त्यानं निकाल दिला. एवर्टला कळू देऊ नकोस, असं बार्ब्रोनं बजावलं. त्यानं छातीवर हात ठेवून कबूल केलं. स्टेल्लानचा तो शब्द बुधवारपर्यंत टिकला.

उन्हाळ्यातल्या त्या पहिल्या बुधवारी एवर्ट कुबड्या टेकत बंदरावर गेला. टपरीपाशी कुणीतरी त्याला विचारलं, काय गंजमुक्त, दारं विकायला काढलीस म्हणे. पाच-सहा जण हसले. एवर्टनं कॉफी तशीच सोडली आणि घरी येऊन सरळ गॅरेजात गेला. वाकता येत नव्हतं, म्हणून त्यानं दाराखाली कुबडीनंच ढोसलं. कुबडी आत गेली. ती बाहेर काढून त्यानं तिच्या टोकाकडे बराच वेळ पाहिलं आणि मग घरात जाऊन स्टेल्लानला फोन लावला.

बार्ब्रो दुकानातून आली तेव्हा तो खिडकीशी बसलेला होता. तिनं पिशवी खाली ठेवली, पण कोट काढला नाही.

“शनिवारी स्टेल्लान ट्रेलर घेऊन येतोय,” एवर्ट म्हणाला. “दिली त्याला गाडी.”

“कुणाला विचारून?”

“विचारायचं काय त्यात? मीच मारली तिला. ओल्या अंगावर रेनकोट चढवत बसलो दर वर्षी, आणि वर गावभर टेंभा मिरवला.”

आता ती समजूत घालेल, असं त्याला वाटलं असावं. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही माणसाला अशा भाबड्या आशा असतात.

“हो, तूच मारलीस,” बार्ब्रो म्हणाली. “चांगल्या मनानं मारलीस, पण मारलीस. मग? तू मारलीस म्हणून मी पुरू का?”

“लोक हसतायत, बार्ब्रो.”

“हसू देत. मी वेल्डिंगला गेले तेव्हाही हसले होते. नंतर त्यांच्याच बोटी माझ्याकडे आल्या.”

 एवर्टनं तोंड खिडकीकडे वळवलं. नेमकं हेच तिला नको होतं. तिनं कोट काढलाच नाही. तशीच बाहेर पडली आणि गॅरेजच्या माळ्यावरची ती जुनी पिशवी खाली काढली. मुखवट्यावर धूळ होती, पण काच शाबूत होती.

शनिवारी ट्रेलर अंगणात शिरला तेव्हा गॅरेजचं दार सताड उघडं होतं आणि मधोमध बार्ब्रो उभी होती. मुखवटा डोक्यावर सरकवलेला, हातात ग्राइंडर. मागं गाडी घोड्यांवर चढलेली होती, चारही चाकं काढून भिंतीशी रचलेली.

“बार्ब्रो, एवर्टनं मला शब्द दिलाय,” स्टेल्लान म्हणाला.

“त्याच्या अर्ध्याचा दिला असेल. अर्धी माझी आहे.”

“असं कसं चालेल?”

“चालेल की. डावी घेतोस की उजवी? सांग, कापून देते.” तिनं ग्राइंडर सुरू केला.

त्या आवाजानं एवर्ट पायरीवर आला. स्टेल्लाननं त्याच्याकडे पाहून हात पसरले आणि ओरडून सांगितलं, अरे, तुझ्या बायकोला काही समजाव.

“लग्न झाल्यापासून तेच करतोय,” एवर्ट म्हणाला. “तू करून बघ.”

बुधवारपासून त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं धड वाक्य होतं. रिकामा ट्रेलर खडखडत परत गेला. बार्ब्रोनं ग्राइंडर बंद केला, गॅरेजातलं स्टूल ओढून गाडीशेजारी ठेवलं आणि एवर्टच्या हातात खरवडणी दिली. तुझा लेप तूच काढ, म्हणाली, मला माझी कामं आहेत.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणी सांगितलं तर त्यानं कधी जुनी गाडी उघडलेली नाही असं समजावं. पहिले काही दिवस बार्ब्रोनं जोडलं कमी आणि जाळलं जास्त. बोटीचा पत्रा जाड, इथला पातळ. हात जुन्या सवयीनं रेंगाळायचा आणि भोक पडायचं. डोळेही पूर्वीचे नव्हते. एवर्ट स्टुलावर बसून खरवडायचा, एकेका वर्षाचा लेप एकेका पापुद्र्यानं निघायचा, आणि त्याच्या पायाशी काळे ढलपे साचायचे. मग तो पावाचे पुठ्ठ्याचे खोके कापून प्रत्येक भोकाचा साचा करायचा, आणि त्या साच्यावरून ती पत्रा कापायची. जोडायला चांगला पत्रा लागतो, म्हणून सडलेलं कापत जायचं. आणि जेवढं कापावं तेवढा चांगला पत्रा आणखी मागं सरकायचा. दाराच्या बिजागऱ्या ज्या खांबावर असतात त्याचंही बूड गेलेलं निघालं तेव्हा दार तिच्या हातात लटकलं. एवर्ट म्हणाला, पुरे आता. तिनंही त्याच्या हातातली खरवडणी घेऊन भिंतीवर भिरकावली, मागच्या पायरीवर जाऊन बसली आणि रडली. रडून झाल्यावर नाक पुसलं, दोन कप कॉफी करून आणली आणि म्हणाली, खांबाचा साचा मोठा लागेल, दुसरा खोका शोध.

खरं भांडण झालं ते शेवटी. सगळी ठिगळं लागली, पत्रा उन्हात आणि हीटरसमोर आठवडाभर वाळला, आणि एवर्ट दुकानातून काळ्या लेपाचा नवाकोरा डबा घेऊन आला. यंदा वाळलंय ना नीट, म्हणाला, आता काय हरकत आहे. शिवाय ठिगळं झाकली जातील. बार्ब्रोनं डबा त्याच्या हातून घेतला आणि अंगणाच्या टोकाला कुंपणाशी नेऊन ठेवला. खालचं सगळं तिनं पातळ करड्या रंगानं रंगवलं, इतक्या फिकट की त्यावर चहाचा थेंबही दिसावा. सांधे घासून सपाटही केले नाहीत. एवर्ट धुसफुसला, वडिलांच्या गाडीची गोष्ट पुन्हा सांगितली, हिवाळ्याचं भय घातलं.

“गंजायचं असेल तर गंजू दे,” ती म्हणाली. “पण माझ्या डोळ्यांदेखत गंजू दे. मला दिसलं की मी कापीन आणि जोडीन. न दिसणाऱ्याशी मला लढता येत नाही.”

ऑगस्टातला शेवटचा बुधवार आला. त्यानंतर मंडळी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गाड्या झाकून ठेवतात. एवर्ट दुपारपासून म्हणत होता की खुबा दुखतोय. त्याचा खुबा बरा झाला होता. काठीसुद्धा तो विसरून जायचा. बार्ब्रोनं वाद घातला नाही. तिनं स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि दाराजवळच्या भिंतीवरचा आरसा उतरवला, तोच उंच आरसा, ज्यात बघून एवर्ट कामावर जाताना टोपी सरळ करायचा. तो चादरीत गुंडाळून मागच्या आसनावर ठेवला आणि स्वतः स्टिअरिंगमागं बसली.

“आरसा कशाला?” एवर्टनं विचारलं.

“बस.”

तो बसला.

बंदरावर तिनं गाडी मुद्दाम स्टेल्लानच्या शेजारी लावली, त्याच्या चकाकणाऱ्या आरशांना लागून. मग चादर सोडली आणि घरचा आरसा अमेझॉनच्या पोटाखाली आडवा सरकवला. गप्पा हळूहळू थांबल्या. लोक कप घेऊन जवळ आले आणि खाली बघू लागले. आरशात सगळं दिसत होतं : लहानमोठी ठिगळं, त्यांच्या कडेचे वेडेवाकडे सांधे, पहिल्या दिवसांतले खडबडीत, नंतरचे सुबक. एवर्ट गाडीतच होता. त्याचे कान लाल झालेले काचेतून दिसत होते. बार्ब्रो दाराला टेकून हात बांधून उभी राहिली. 

स्टेल्लाननं बराच वेळ पाहिलं. काम चांगलं आहे हे त्याला कळत होतं; आयुष्य गाड्यांतच गेलं होतं त्याचं. म्हणूनच त्याला ते बोलवेना.

“ठिगळं दिसतायत,” तो म्हणाला.

“दिसावीत म्हणूनच आरसा ठेवलाय.”

“वरून काळं मारलं असतंस तर कुणाला पत्ता लागला नसता.”

बार्ब्रोनं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मुठीची बाजू त्याच्याकडे केली. “तुझ्या गाडीला काळंच आहे ना खाली? घे. टोचून बघ.”

स्टेल्लाननं हात खिशात घातले. कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतला एकजण हळूच आपल्या गाडीकडे गेला, गुडघ्यावर बसला आणि दाराखाली बोटांच्या पेरांनी ठोकून ऐकू लागला. मग दुसरा गेला. थोड्या वेळात निम्मं बंदर वाकलेलं होतं आणि ठकठक चालली होती. टपरीवाली बाई खिडकीतून डोकावून विचारत होती की काय हरवलंय.

तेव्हा गाडीचं दार उघडलं आणि एवर्ट बाहेर आला, काठीशिवाय. मासेवाल्या एवर्टनं सवयीनं हाक मारली, काय रे गंजमुक्त, आणि जीभ चावली. एवर्टनं त्याच्याकडे पाहून मान हलवली. काचेमागचा पुठ्ठा काढला, टपरीकडे जाऊन सॉसेजचे भाव लिहायचं जाड पेन मागितलं, आणि तिथल्याच फळीवर टेकून, जीभ दातांत धरून काहीतरी लिहिलं. परत येऊन पुठ्ठा होता तिथं लावला, बायकोशेजारी दाराला टेकला आणि तिच्यासारखेच हात बांधले.

‘गंजमुक्त’ हा शब्द त्यानं एका रेघेनं खोडला होता, पण वाचता येईल असा. त्याखाली दोन ओळी होत्या :

गंज : होता.
बायको : वेल्डर.